प्लग काढला नव्हता

नाना जाऊन दोन वर्षं झाली, तरी धुळ्याला गेले की गल्लीतलं कुणी ना कुणी मला अडवतंच. "तुम्ही नानांच्या वरच्या मजल्यावर राहायच्या ना? भाग्यवान बाई! असा माणूस पुन्हा व्हायचा नाही." मी मान हलवते. मान हलवायला काय पैसे पडतात? त्या घरात सात वर्षं मी तेच केलं. पण मान हलवताना माझ्या डोळ्यांपुढे नाना नसतात, सुमन असते. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी सुमन, आणि तिच्या उजव्या हाताची तीन बोटं. ती एकदा वाकली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. त्यापायी तिची पाच घरची कामं गेली, आणि वर 'निष्काळजी बाई' असं नाव लागलं ते वेगळंच. ते नाव खोटं होतं. नानांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि तिला तर होतंच.

आता नानांचं सांगते. गल्ली सांगते तेही सांगते, कारण तेही खोटं नाही. हीच तर माझी पंचाईत आहे.

आम्ही देवपुरात खोल्या बघत फिरत होतो तेव्हाची गोष्ट. मी एका सरकारी कचेरीत कारकून, आणि आमचे हे पाचोऱ्याला नोकरीला, रविवारी यायचे. घरमालक काय विचारतात ते आम्हाला तोंडपाठ झालं होतं. मांसमच्छी खाता का, पाहुणे किती येतात, आडनाव काय, आणि आडनावावरून कळलं नाही तर गाव कोणतं. नानांनी यातलं एकही विचारलं नाही. म्हणाले, "कपड्यांचं मशीन आहे का?"

"आहे," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. माझ्या पगारातून घेतलेली ती पहिली मोठी वस्तू होती. "समोरून दार उघडतं ते."

"बंद कसं करता?"

हे म्हणाले, "बटण दाबून."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आत तोंड करून बायकोला हाक मारली, "अक्का, चहा टाकू नको. हे नापास झाले."

अक्कांनी चहा टाकलाच. तो येईपर्यंत नानांनी आमची शाळा घेतली. बटण बंद म्हणजे मशीन बंद नव्हे. बटण बंद, मग प्लग बाहेर, मग तोटी बंद, मग पाण्याची नळी सैल करायची आणि खाली बादली धरायची, कारण नळीत तांब्याभर पाणी उरलेलं असतं आणि ते तुमच्या पायावरच पडणार. ही ओळ चुकायची नाही. "आधी आग, मग पाणी," नाना म्हणाले. "आगीला हात लावताना हात कोरडे पाहिजेत, म्हणून आग आधी. पाणी नंतर. उलटं केलंत तर मला उत्तरं द्यायला तुम्ही शिल्लक राहणार नाही." असं बोलून त्यांनी बिस्किटाची बशी पुढे केली. खोली त्याच दिवशी मिळाली.

तुम्ही म्हणाल, मशीनपायी एवढं? अहो, माणसाने चाळीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना वायरमन केलेलं. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, यांच्या खिशाला टेस्टर. लग्नाच्या पंगतीत बसतानाही टेस्टर. एकदा एका मंगल कार्यालयात पाण्याच्या कूलरला टेस्टर लावून त्यांनी पंगत थांबवली होती, आणि वरबापाने हात जोडेपर्यंत कुणाला पाणी पिऊ दिलं नव्हतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठ दिवस ते अख्ख्या गल्लीतून फिरायचे. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. चव्वेचाळीस-पंचेचाळीस म्हणजे नेहमीचंच. घरोघरी पत्र्याचे कूलर माळ्यावरून उतरतात, आणि दरसाल कुठे ना कुठे कुणी ओल्या हाताने कूलरला चिकटून जातं. आमच्या गल्लीत कधी गेलं नाही. नाना प्रत्येक कूलरच्या अंगाला टेस्टर लावायचे, वायरी बघायचे, काळी चिकटपट्टी स्वतःच्या खिशातून काढून गुंडाळायचे. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. हे असं आहे. म्हणून म्हटलं, गल्ली खोटं बोलत नाही.

पण घरातल्यांचा जीव नकोसा करायचे! मशीन आमच्या मागच्या मोरीत, खिडकीखाली. त्याच्यावरच्या भिंतीवर त्यांनी रंगाऱ्याकडून ऑइलपेंटने सूचना लिहून घेतल्या होत्या, शाळेत सुविचार लिहितात तशा अक्षरात. शेजारी खिळ्याला एक पंचा. तो फक्त हात कोरडे करायला. एकदा यांनी त्याला तोंड पुसलं तर नाना, यांना ते जावईबापूच म्हणायचे, म्हणाले, "जावईबापू, हा देवाचा आहे असं समजा." प्लग वायरीला धरून ओढलेला दिसला की संपलंच. "वायर म्हणजे शेपटी. शेपटी धरून बैल ओढतात का कुणी?"

मशीनला ते 'बया' म्हणायचे. "बयेचं दार उघडं ठेवा, तिला वारा लागू द्या, नाहीतर कुबट वास मारेल." दाराच्या रबराच्या घडीत पाणी साचतं, ते रोज कोरडं करायचं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी म्हणजे निव्वळ चुना, म्हणून दर अमावास्येला बयेला लिंबाचं सत्त्व पाजायचं, कपडे न घालता एक गरम पाण्याचा फेरा. महिन्यातून एकदा पाण्याच्या नळीच्या तोंडाची जाळी काढून जुन्या दातांच्या ब्रशने घासायची. आणि खालची गाळणी उघडायची तेव्हा नानांना बोलवायचंच. त्यात निघालेल्या वस्तू ते एका लोणच्याच्या बरणीत साठवायचे आणि तिला म्हणायचे 'आरोपींची बरणी'. बटणं, आकडे, एक जोडवं, यांच्या खिशातलं पाचोऱ्याचं अर्धं तिकीट. पाहुणे आले की नाना बरणी हलवून दाखवायचे. हसून हसून पुरेवाट व्हायची. माझं मशीन सात वर्षांत एकदाही कारागिराकडे गेलं नाही, हेही नानांचंच.

एकदा मोरीला रंग द्यायचा म्हणून मशीन बाहेर गच्चीत हलवायचं ठरलं. नाना म्हणाले, मी हात लावणार नाही, जावईबापू करतील. म्हणून पायरीवर बसून राहिले, परीक्षक! आमच्या यांनी प्लग काढला, शेपटी न धरता, तोपर्यंत बरोबर. मग घाईघाईत तोटी बंद करायची विसरून नळीच फिरवली. पाण्याचा असा फवारा उडाला की हे नखशिखांत भिजले, मी भिजले, भिंत भिजली, नुसते नाना कोरडे. "प्लग आधी काढला म्हणून आज आंघोळीवर निभावलं," एवढंच म्हणाले. मग तीन वेळा सगळं जोडायला लावून तीन वेळा सोडायला लावलं. नळीचं तोंड पिशवीने बांध, वायर गुंडाळून मागे चिकटव, आतलं पिंप हिसडे खाऊन मोडू नये म्हणून मागचे ते चार लांब बोल्ट आवळ, आणि ढकलायचं नाही, दोघांनी उचलायचं. हे रात्री पाचोऱ्याच्या गाडीला निघाले तेव्हाही पुटपुटत होते, "आधी आग, मग पाणी." आम्हाला तेव्हा वाटलं, छान आहे म्हातारा. किस्से सांगायला बरा.

सुमन पिंपळनेरकडची. नवऱ्याबरोबर मजुरीला धुळ्यात आली, नवरा परत गेला, ही राहिली. नानांकडे, माझ्याकडे आणि गल्लीत आणखी तीन घरी धुणीभांडी करायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नानांनी तिला भिंतीवरच्या सूचना हाताने करून दाखवल्या. एकदाच. पुन्हा सांगावं लागलं नाही. हात पुसायची, प्लगचं डोकं धरून ओढायची, तोटी फिरवायची, बादली धरायची. नाना अक्कांना म्हणाले, "चाळीस वर्षांत अशी विद्यार्थिनी मिळाली नाही बघ. हिला सर्टिफिकेट द्यायला पाहिजे." सुमन पदर तोंडाला लावून हसायची. लक्षात ठेवा, ही ती निष्काळजी बाई.

आम्ही राहायला आल्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात नानांनी घरातले सगळे लोखंडी पाइप काढले. चुन्याने चोंदून गेले होते, पाणी वर चढेना. प्लंबरने सगळीकडे प्लास्टिकचे पाइप घातले. मोरीत मशीनच्या मागे मात्र जुन्या लोखंडी पाइपाचा हातभर तुकडा भिंतीतच राहिला, आणि त्याला एक हिरवी वायर वेटोळे घालून बांधलेली. मला ते काय होतं कुठे ठाऊक? मी त्या तुकड्यावर कपडे घासायचा ब्रश अडकवायची. सोयीचा होता.

त्याच उन्हाळ्यापासून नाना जास्तच बिघडले, असं आम्ही म्हणायचो. आधी चेष्टा होती, आता पहारा सुरू झाला. मशीनचा फिरण्याचा आवाज थांबला की ते जिन्याखाली येऊन उभे. कान वर. "प्लग काढल्याचा आवाज आला नाही!" खालून ओरडायचे. आंघोळीला बसलं तरी ओरडायचे. मशीन चालू असताना अंगाला हात लावायचा नाही, हा नवा नियम निघाला. रबरी चपला घातल्याशिवाय मोरीत जायचं नाही, हा दुसरा. स्वतः जाऊन माझ्या आणि सुमनच्या मापाच्या चपला घेऊन आले. अक्का म्हणाल्या, "म्हातारपण, दुसरं काय?" मीही तेच म्हटलं.

एके दिवशी सुमन भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, हाई मशीन चावस व."

"चावतं म्हणजे?"

"हातले मुंग्या येतस. काल ते चटकाच लागना."

मी नानांना सांगितलं. ते लगेच वर आले. मशीन चालू करायला लावलं, खिशातला टेस्टर काढला, मशीनच्या पत्र्याला लावला. मी शेजारीच उभी होते. टेस्टरमधला तो बारीक दिवा पेटल्यासारखा दिसला. "नाना, पेटला का हो तो?" मी विचारलं. त्यांनी टेस्टर खिशात घातला. "खिडकीतल्या उजेडाने तसं दिसतं," म्हणाले, आणि सुमनकडे वळून, "तू ओल्या हाताने लावतेस. चपला घालत नाहीस."

"चप्पल घसरस फरशीवर, नाना. पन मी खोटं नई सांगत. चावस ती."

"प्लग काढल्याशिवाय हात घालायचा नाही. झालं!" असं म्हणून नाना जिना उतरले. अख्ख्या गल्लीचे कूलर तपासणारा, कूलरपायी पंगत थांबवणारा माणूस स्वतःच्या घरात टेस्टर खिशात घालून खाली गेला. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच आलं नाही. कचेरीला उशीर होत होता.

आता माझ्याकडे येते. टाळून चालणार नाही.

आमच्याकडे तेव्हा नळाला आठव्या दिवशी पाणी. दोन तास. त्या दिवशी सगळ्या घरांत युद्ध असतं. टाकी भरा, पिंपं भरा, माठ भरा, आणि आठ दिवसांचे कपडे त्याच पाण्यात काढा, कारण बोअरच्या पाण्याने पांढरे कपडे पिवळे पडतात. मशीनचे चार घाणे व्हायचे. सुमन प्रत्येक घाण्याला प्लग काढायची, हात पुसायची, कपडे काढायची, नवे घालायची, परत हात पुसायची, परत प्लग लावायची. प्लग मशीनच्या मागे, वाकून काढावा लागे. मी घड्याळाकडे बघत होते आणि माझं डोकं फिरलं. "अगं राहू दे तो प्लग! चार चार वेळा काय काढतेस आणि घालतेस? पाणी जाईल ना!"

"नाना वरडतीन, ताई."

"नानांना मी बघते. तू आवर."

हे एकदाच सांगितलं असतं तर म्हटलं असतं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण मी ते दर पाण्याच्या दिवशी सांगत होते. तीन-चार महिने.

ते घडलं त्या दिवशी मी खाली अंगणात नळाला लावलेल्या पाइपापाशी होते. वर चौथा घाणा. अक्का गच्चीतून ओरडल्या, शब्द नाहीत, नुसता आवाज. मी जिन्याकडे धावले तर नानांनी मला दंडाला धरून मागे खेचलं. "कुणी हात लावू नका तिला!" सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पळत मीटरपाशी गेले, फ्यूज उपसून काढले, आणि मग वर. सुमन मोरीत पडली होती, अनवाणी, उजवा हात मशीनच्या दाराच्या कडेला लागून काळा पडलेला. नानांनी तिच्या छातीवर दाब दिला, तोंडाने मोजत होते, घामाने निथळत होते. तिने श्वास घेतला तेव्हा नाना भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मी पाहिलंय. ते रडणं खोटं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर गेली असती.

संध्याकाळी गल्ली जमली. नानांनी वाचवली, नानांनी वाचवली. तेवढ्यात समोरच्या वहिनींनी मला विचारलं, "पण झालं कसं हो? नानांच्या घरात?" नाना तिथेच खुर्चीवर बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, "प्लग काढला नव्हता तिने."

बस. चार शब्द. आणि खरे! खोटं बोलले असते तर निदान कुणीतरी पकडलं असतं. वहिनी म्हणाल्या, "बघा, एवढं भिंतीवर लिहून ठेवलंय तरी." दुसरी म्हणाली, "या बायकांना कितीही सांगा." झालं, सुमनचा निकाल लागला.

चार दिवसांनी अंगणात घणाचे आवाज सुरू झाले. दोन मजूर नवी फरशी फोडत होते. ती फरशी नानांनी, पाइप बदलले त्याच उन्हाळ्यात, नातीच्या लग्नासाठी मोठ्या हौसेने घातली होती. चपला घालून तिच्यावर चालू द्यायचे नाहीत. तीच फोडून माणूस उभा राहील एवढा खड्डा खणला. शेजारी कोळशाची पोती, मिठाची पोती, एक लांब लोखंडी नळी, आणि जाड हिरव्या वायरीचं वेटोळं. नाना काठावर उभे राहून थर मोजून घेत होते. कोळसा, मीठ, कोळसा, मीठ.

"नाना, हे काय?"

"अर्थिंग."

"म्हणजे इतके दिवस नव्हतं?"

"होतं. नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलं होतं. वडिलांच्या काळापासून. धुळ्यात निम्म्या घरांत तसंच आहे."

मला माझा ब्रश दिसला, त्या हातभर तुकड्यावर अडकवलेला. तो तुकडा कुठेच जात नव्हता. जमिनीपर्यंत पोचणारं लोखंड तर त्यांनी स्वतः काढून टाकलं होतं. "पण नाना, पाइप तर प्लास्टिकचे केलेत ना तुम्ही?"

त्यांनी मजुराला पुढचं मिठाचं पोतं दाखवलं.

"अर्थिंग असतं तर काय झालं असतं?"

चाळीस वर्षं शिकवलेला माणूस. प्रश्न आला की उत्तर देणारच. "आतली वायर घासून पत्र्याला लागली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता. कपडे ओले राहिले असते. एवढंच."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मला भयंकर संताप आला. फरशी फोडायला नको म्हणून हा माणूस दोन वर्षं जिन्याखाली कान लावून उभा राहिला. चपला आणल्या, नियम काढले, ओरडला, सगळं केलं, आणि जे एक करायचं ते केलं नाही. जे काम स्वतःचं होतं ते सुमनच्या हातांवर सोपवलं. "नाना, तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. "टेस्टर पेटला होता त्या दिवशी."

नानांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. थकून. "ताई, तिने प्लग काढला होता का?"

"नाही."

"का काढला नव्हता, ते मी विचारलंय का कधी तुम्हाला? जिन्याखाली मी उभा असायचो. मला सगळं ऐकू यायचं."

मजुराने कोळशाचं पोतं ओतलं. आम्ही दोघं बाजूला सरकलो. तेरी भी चूप, मेरी भी चूप. पुढची अडीच वर्षं मी त्यांच्या घरात राहिले, त्यांच्या नव्या अर्थिंगवर माझं मशीन चालवलं, आणि सणाला त्यांच्या पाया पडले.

सुमन पट्टी बांधलेल्या हाताने एकदा आली. महिना-दीड महिना झाला असेल. दारातच बसली. म्हणाली, उजव्या हाताने पिळता येत नाही, पण भांडी होतील, फरशी होईल. गल्लीत कुणी घेत नाही. म्हणतात, तू प्लग काढत नाहीस, आमच्या घरी काही झालं तर? मग म्हणाली, "ताई, तुमीच माले सांगेल व्हतं ना, प्लग राहू दे म्हनीसन? एवढं बठ्ठास्ले सांगी द्या. मंग माले कामं भेटतीन."

सगळ्यांना सांगा, मागणं एवढंच होतं. पैसे नको, औषध नको. एक वाक्य मागत होती. पाच दारं, पाच मिनिटांचं काम. मी काय म्हटलं असेल? "बघते," म्हटलं. आणि आत जाऊन तिला साडी आणून दिली. तिने साडी घेतली नाही असं मला सांगायला आवडलं असतं. घेतली. गरज होती तिला. अक्कांनीही खालून ज्वारी दिली, नानांनी दवाखान्याचा खर्च आधीच दिला होता. सगळ्यांनी सगळं दिलं, ते वाक्य सोडून. आखाजीच्या आत ती धुळं सोडून पिंपळनेरकडे निघून गेली.

ती गेली त्या आठवड्यात नानांनी रंगाऱ्याला बोलावलं आणि भिंतीवर खाली एक ओळ वाढवली: 'सूचना न पाळल्यास घरमालक जबाबदार नाही.' रंगाऱ्याने अक्षर मोठं झोकात काढलं होतं.

नाना गेले ते साधेच, झोपेत. तोवर माझी बदली जळगावला झाली होती, पण मी दहाव्याला गेले. नंतर गल्लीने छोटी शोकसभा घेतली. सगळे बोलले. मग कुणीतरी म्हणालं, "ताई, तुम्ही त्यांच्या घरात राहिलात. दोन शब्द बोला." मी उठले. वाटलं, आता बोलावं. अक्का पुढच्या रांगेत बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन. मी बोलले. बयेचं बोलले, आरोपींच्या बरणीचं बोलले, यांच्या आंघोळीचं बोलले, लोक हसले. मग पाण्याच्या दिवशीचा प्रसंग सांगितला, फ्यूज कसे उपसले, मोजत मोजत श्वास कसा परत आणला. बायका डोळे पुसायला लागल्या. मीही रडले. भाषण फार छान झालं असं सगळे म्हणाले. सुमनचं नावसुद्धा घेतलं नाही मी त्यात. 'एक कामवाली बाई' म्हटलं.

आणि परवा, सीताफळांच्या दिवसांत, कचेरीतल्या एकीच्या मुलीच्या लग्नाला पिंपळनेरला गेले होते. बाजाराचा दिवस होता. गाडीला वेळ होता म्हणून बाजारात शिरले, तर कडेला पोत्यावर सीताफळांचा ढीग मांडून सुमन बसलेली. केस पांढरे झाले होते. डाव्या हाताने तराजू धरत होती, उजवा मांडीवर, बोटं आत वळलेली. मी आधी तिला नाही, त्या हाताला ओळखलं. तिने मात्र मला लांबूनच ओळखलं असणार, कारण मी समोर उभी राहिले तरी तिला नवल वाटलं नाही. "या ताई," म्हणाली. "कधी उन्यात?" कधी आलात, एवढंच विचारलं.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. लग्नातली भारी साडी धुळीत. सात-आठ वर्षं जे बोलले नव्हते ते एका दमात सांगून टाकलं. नाना गेले, हे सांगितलं. पाइपाचं सांगितलं, अर्थिंगचं सांगितलं, टेस्टर पेटला होता ते सांगितलं. "आणि प्लग राहू दे म्हणून मीच तुला सांगत होते. चूक तुझी नव्हती, सुमन. माझी होती आणि त्यांची होती. तुझी काडीचीही नव्हती." आता ती रडेल असं मला वाटलं, किंवा निदान माझा हात धरेल. म्हणेल, जाऊ द्या ताई. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी बसले होते.

तिने ऐकून घेतलं. एक सडकं सीताफळ ढिगातून काढून मागे टाकलं.

"ते माले पयलेपासून माहीत शे, ताई," ती म्हणाली. "माले सांगीसन काय व्हई? गल्लीमा सांगनं व्हतं."

मी तशीच बसून राहिले. माझ्या मागे एक बाई पिशवी घेऊन उभी होती, वाकून सीताफळं बघत होती.

"जराखं बाजूले व्हा, ताई," सुमन म्हणाली. "गिऱ्हाईक उनं."

मी बाजूला झाले.